मुलांच्या खुब्याचे आजार : ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील प्रमाण आणि भार

१. प्रश्नाची मांडणी

मुलाचा खुबा बिघडला आहे, अशी तक्रार घेऊन पालक दवाखान्यात क्वचितच येतात. मूल मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणते. आई म्हणते, "जरा पाय ओढतोय, खेळताना लागलं असेल." तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर काही सांगणारेच कोणी नसते, कारण निसटलेला खुबा त्या वयात दुखत नाही. त्यामुळे हे आजार विरळ आहेत, असा समज घरोघरी आहे आणि तो काही डॉक्टरांमध्येही आहे.

एकेका आजाराचे प्रमाण खरोखरच कमी आहे. पण सर्व आजार आणि सर्व वयोगट एकत्र मोजले, तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांच्या हद्दीत दरवर्षी हजाराहून अधिक मुलांना खुब्याची काही ना काही तक्रार होत असावी. त्यांपैकी शे-दीडशे मुलांचे पुढचे सारे चालणे निदान वेळेवर होते की नाही, यावर ठरते. या आजारांचा खरा भार त्यांच्या संख्येपेक्षा निदानाच्या विलंबात आहे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

खुब्याची रचना वाटीत बसलेल्या चेंडूसारखी असते. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोबणीत फिरते. जन्माच्या वेळी यातला मोठा भाग कूर्चेचा असतो, आणि गोलक व खोबण एकमेकांना आकार देत वाढतात. गोलक जागेवर नसेल, तर खोबण उथळ राहते. गोलकाचा रक्तपुरवठा काही मोजक्या बारीक रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतो. तो तुटला, तर हाड मरते. गोलक आणि मानेच्या मधली वाढीची पट्टी किशोरवयात कमकुवत होते. खुब्याचे बहुतेक बालविकार या तीन दुबळ्या जागांतूनच उद्भवतात, आणि म्हणून प्रत्येक आजाराचे वय ठरलेले असते.

२. मोजण्याची रीत

प्रमाण सांगताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वर्षभरात किती नवी मुले आजारी पडली, हा आपात. आज या क्षणी किती मुले त्या आजारासह जगत आहेत, हा प्रसार. आठवड्यात बऱ्या होणाऱ्या आजाराचा आपात मोठा आणि प्रसार नगण्य असतो. जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारात नेमके उलटे घडते.

रुग्णालयातील आकड्यांवरून शहराचे प्रमाण काढणे हीसुद्धा चूक आहे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मुरबाड-शहापूरकडचे रुग्ण येतात. उलट डोंबिवलीतील अनेक कुटुंबे मुलाला घेऊन थेट परळच्या वाडिया किंवा केईएम रुग्णालयाची वाट धरतात. अंश एका लोकसंख्येतून आणि छेद दुसऱ्या लोकसंख्येतून घेतला, तर उत्तराला अर्थ राहत नाही.

म्हणून येथे वेगळी रीत वापरली आहे. जगात नीट मोजले गेलेले दर घ्यायचे आणि ते इथल्या लोकसंख्येला लावायचे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८.४१ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची १२.४७ लाख, म्हणजे एकूण सुमारे ३०.९ लाख होती. महाराष्ट्राचा अलीकडचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ४६ हजार जन्म होतात. पंधरा वर्षांखालील मुले लोकसंख्येच्या एक चतुर्थांश धरली, तर ती साधारण ७.७ लाख भरतात. घोडबंदर रस्ता, दिवा आणि कल्याण-शीळ रस्ता या बाजूंना त्यानंतर झालेली वाढ लक्षात घेता, पुढचे सर्व आकडे किमान समजावेत.

३. जन्म ते पहिले पाऊल : निसटता खुबा

खुब्याच्या विकासातील दोषात अनेक पायऱ्या आहेत. खोबण थोडी उथळ असणे ही एक टोकाची पायरी आहे आणि गोलक पूर्ण बाहेर असणे ही दुसऱ्या टोकाची. कोणती पायरी मोजली, यावर प्रमाण ठरते, आणि म्हणूनच वेगवेगळ्या अहवालांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

इंग्लंडमधील सॅल्फर्डचे थॉमस बार्लो यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेली पाहणी अजूनही मार्गदर्शक आहे. सुमारे ६० नवजात बालकांमागे एकाचा खुबा सैल आढळला. त्यांतील ६० टक्के पहिल्या आठवड्यात आणि ८८ टक्के दोन महिन्यांत आपोआप स्थिर झाले. हाच हिशेब इथे लावू. ४६ हजार जन्मांत साडेसातशेहून अधिक सैल खुबे निघतील. त्यांतील बहुतेक स्वतःहून सावरतील आणि सुमारे ९० उरतील. जन्मजात निखळण्याचे हजारी एक ते दोन हे सर्वमान्य प्रमाण लावले, तरी उत्तर ४६ ते ९२ असेच येते. या दोन शहरांत दरवर्षी एवढ्या बाळांना उपचारांची गरज भासते.

जोखीम सर्वांना सारखी नसते. मुलींमध्ये हा दोष मुलांच्या चार ते सहा पट आढळतो. पायाळू बाळ, पहिलटकरणीचे बाळ, आई-वडील किंवा भावंडांना झालेला हाच त्रास आणि गर्भजल कमी असणे ही जोखमीची ठळक कारणे आहेत. डावा खुबा अधिक वेळा बिघडतो. बाळ पायाळू असल्यामुळे सिझेरियन झाले, तरी जोखीम संपत नाही. खुब्यावरचा ताण गर्भाशयातच पडलेला असतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. बाळ शांत, उबदार आणि उघडे असावे लागते. डॉक्टर दोन्ही गुडघे वाकवून एकेक मांडी हातात धरतात, अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला आणि मधले बोट बाहेरच्या उंचवट्यावर ठेवतात. मांडी आत घेऊन हळूच मागे दाबली असता गोलक निसटतो का, हे बार्लोच्या चाचणीत पाहतात. मांडी बाहेर उघडताना निसटलेला गोलक परत आत शिरल्याचे बोटाला जाणवते का, हे इटलीतील ऑर्तोलानी यांच्या १९३७ मधील चाचणीत पाहतात. दोन्हींना मिळून मिनिटभर पुरते. बाळ रडत असेल, स्नायू ताठ असतील, तर चाचणी फसते. मग ती पुन्हा करावी लागते.

दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आवळतात आणि ही चाचणी निरुपयोगी होते. तेव्हा वेगळ्या खुणा पाहाव्या लागतात. लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडते. गुडघे वाकवून पावले टेकवली असता एक गुडघा खाली दिसतो. मांडीवरच्या वळ्या असमान दिसल्या, तर केवळ त्यावरून निदान करू नये; निरोगी बाळांतही त्या तशा असतात. सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी उपयोगी पडते. ऑस्ट्रियाचे ग्राफ यांनी १९८० मध्ये ती पद्धत रूढ केली. चार-सहा महिन्यांनंतर एक्स-रे अधिक विश्वासार्ह ठरतो.

विलंबाची किंमत वयानुसार वाढत जाते. पहिल्या काही महिन्यांत पावलिक हार्नेस हा मऊ पट्टा बांधून बहुसंख्य खुबे जागेवर येतात. सहा महिने उलटले, तर भूल देऊन खुबा बसवणे आणि कमरेपासून प्लास्टर घालणे आले. दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि कित्येकदा हाड कापून खोबणीला छत तयार करावे लागते. पूर्ण दुर्लक्ष झाले, तर तारुण्यातच सांध्याची झीज सुरू होते. नॉर्वेच्या सांधेरोपण नोंदवहीत साठीच्या आतील खुबा-रोपणांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक रोपणांमागे हाच बालपणीचा दोष आढळला.

आपल्या घरांतील दोन रीतींचा या आजाराशी थेट संबंध आहे. आंघोळ आणि शेक झाल्यावर बाळाचे पाय ताणून सरळ करायचे आणि दुपट्यात घट्ट बांधून ठेवायचे, ही रीत अजून टिकून आहे; तसे केल्याने पाय सरळ होतात, असे सांगितले जाते. नवजात बाळाचे पाय वाकलेलेच असतात आणि तेच खुब्याला हवे असते. पाय सरळ बांधल्याने गोलक बाहेर ढकलला जातो. जपानमध्ये खुबे निखळण्याचे प्रमाण एकेकाळी शेकडा १ ते ३.५ इतके होते. १९७५ च्या सुमारास पाय सरळ बांधू नयेत, अशी देशव्यापी मोहीम झाली आणि ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आले. दुसरी रीत मात्र जपण्यासारखी आहे. मान धरू लागलेले बाळ कडेवर घेतले की त्याच्या मांड्या फाकतात, गुडघे वाकतात आणि गोलक खोबणीत खोल बसतो. दुपटे छातीभोवती घट्ट असले तरी चालेल, कमरेखाली मात्र बाळाला पाय हलवता आले पाहिजेत.

४. तीन ते दहा वर्षे : लंगडणारे मूल

या वयात खुब्याच्या दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सांध्याच्या अस्तराची तात्पुरती सूज. सर्दी-तापानंतर आठवड्याभरात मूल सकाळी उठते आणि पाय टेकत नाही. नेदरलँड्समधील कुटुंब-डॉक्टरांच्या नोंदींनुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत अपघाताविना खुबा दुखण्याचे प्रमाण वर्षाला लाखामागे सुमारे १४८ होते, आणि त्यातले निम्मे, म्हणजे ७६, या सुजेचे होते. तोच दर इथे लावला, तर दोन्ही शहरांत मिळून वर्षाला सुमारे ११४० मुले खुब्याच्या दुखण्याने आणि त्यांपैकी जवळपास ५८५ तात्पुरत्या सुजेने त्रस्त होतील. ही सूज विश्रांती आणि साध्या वेदनाशामकावर आठ-दहा दिवसांत उतरते. मात्र ती इतकी सामान्य असल्यामुळेच तिच्या आड इतर आजार लपतात.

पहिला धोका सांध्यात पू होण्याचा. जिवाणू सांध्यात शिरले की कूर्चा काही दिवसांतच विरघळू लागते, म्हणून येथे हिशेब तासांचा असतो. बॉस्टनच्या कोचर यांनी १९९९ मध्ये चार कसोट्या दिल्या. ताप ३८.५ अंशांवर, पायावर भार न टाकता येणे, ईएसआर ४० च्या वर आणि पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर. चारांपैकी एकही नसेल, तर पू असण्याची शक्यता नगण्य. चारही असतील, तर जवळपास खात्री. नवजात बाळात ताप नसूही शकतो. एक पाय न हलवणे आणि लंगोट बदलताना किंचाळणे ही त्याची खूण असते. अशा बाळाला औषधाचे थेंब देऊन दोन दिवस वाट पाहणे म्हणजे सांधा गमावणे.

दुसरा आजार पर्थिस. लेग, काल्व्हे आणि पर्थिस या तिघांनी १९१० मध्ये त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. चार ते आठ वर्षांच्या मुलांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पट अधिक, गोलकाचा रक्तपुरवठा खंडित होतो. हाड मरते, खचते आणि दोन ते चार वर्षांत पुन्हा भरून येते. भरताना गोल राहिले की चपटे झाले, यावर त्या मुलाचे भविष्य ठरते. या आजाराचा भूगोल विलक्षण आहे. मणिपालचे बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, सह्याद्रीच्या पश्चिमेकडील किनारपट्टीवर त्याचे प्रमाण घाटापलीकडच्या भागापेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. ती पाहणी दक्षिणेकडच्या किनाऱ्याची. पण ठाणे-कल्याणही सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असल्याने इथल्या डॉक्टरांनी हा आजार मनात ठेवूनच मूल तपासावे. लाखामागे १ ते ५ हा पल्ला धरला, तर वर्षाला ८ ते ३८ नवे रुग्ण होतात. आजार सरासरी तीन वर्षे चालतो, म्हणून कोणत्याही दिवशी २५ ते ११५ मुले त्यातून जात असतात. आपात आणि प्रसार यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो.

पर्थिसची सुरुवात पुष्कळदा घरातच लक्षात येऊ शकते. मुलाला मांडी घालून बसता येत नाही. शाळेत सतरंजीवर एक गुडघा वर राहतो. संध्याकाळी लंगडणे वाढते आणि सकाळी कमी होते. वाढीच्या वयातल्या निरुपद्रवी दुखण्यात दोन्ही पाय रात्री दुखतात आणि दिवसा मूल लंगडत नाही. मूल दिवसा लंगडत असेल, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून ते सोडून देऊ नये.

तिसरा आजार क्षय. हाडे-सांध्यांच्या क्षयात मणक्यानंतर खुब्याचा क्रमांक लागतो. दाट वस्तीच्या या पट्ट्यात महिनोन्महिने रेंगाळणारे लंगडणे, कमी होणारे वजन आणि रात्रीचे कण्हणे यांत क्षयाची शंका घ्यायलाच हवी. आदिवासी कुटुंबांतील मुलांत सिकलसेलमुळेही गोलकाचे हाड मरू शकते. शहापूर-मुरबाडकडून कल्याणला येणाऱ्या मुलाला पर्थिसचे निदान चिकटवण्यापूर्वी रक्ताची ती तपासणी व्हावी.

५. दहा ते सोळा वर्षे : घसरणारा गोलक

किशोरवयात वाढीची पट्टी कमकुवत असताना शरीराचे वजन वाढले, तर गोलक मानेवरून मागे घसरतो. डॉक्टरमंडळी त्याला थोडक्यात 'स्लिप' म्हणतात. अमेरिकेत ८ ते १५ वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण लाखामागे सुमारे ११ आढळले. जपानमध्ये ते मुलग्यांत सुमारे २ आणि मुलींत १ हून कमी होते. दोन्ही शहरांतील त्या वयाची मुले सुमारे चार लाख धरली, तर वर्षाला ६ ते ४४ रुग्ण असा विस्तृत पल्ला मिळतो. लठ्ठपणा हे त्याचे सर्वांत ठळक कारण आहे. थायरॉइडची कमतरता हे दुसरे. वेल्लोरच्या अभ्यासकांनी भारतीय किशोरांत ड जीवनसत्त्वाच्या अभावाशीही त्याचा संबंध दाखवला आहे. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील २४ टक्के किशोरवयीन मुलांत हा अभाव आढळला. सकाळी शाळा, दुपारी क्लास आणि संध्याकाळी मोबाइल अशा दिनक्रमात वाढणाऱ्या शहरी मुलांकडे या दृष्टीने पाहायला हवे.

या आजारात निदान का हुकते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना काही समान मज्जातंतूंमधून जातात. त्यामुळे खुबा बिघडलेला असताना मुलाला गुडघा दुखतो. बारा वर्षांचा, वजनदार मुलगा 'गुडघा दुखतो' म्हणून येतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो. तो स्वच्छ असतो. मलम, गुडघ्याचा पट्टा, महिनाभर विश्रांती. एखाद्या दिवशी लोकल पकडताना पाय घसरतो, अर्धवट सरकलेला गोलक पूर्ण निसटतो आणि त्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हे टाळायला दोन कृती पुरतात. मुलाला उताणे झोपवून खुबा वाकवायचा. मांडी सरळ वर न येता बाहेर वळली, तर संशय पक्का. मग दोन्ही खुब्यांचा समोरून आणि मांड्या फाकवून, असे दोन एक्स-रे काढायचे. समोरच्या चित्रात सुरुवातीची घसरण दिसत नाही, दुसऱ्यात दिसते. निदान झाल्यावर मुलाला पायावर उभे राहू न देता रुग्णालयात न्यावे. एका स्क्रूने गोलक तिथेच रोखता येतो.

६. सेरेब्रल पाल्सी : सर्वांत मोठा, सर्वांत दुर्लक्षित गट

खुब्याच्या आजारांच्या चर्चेत हा गट सहसा येत नाही, आणि तीच मोठी उणीव आहे. सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याचे, प्रमाण हजारी सुमारे तीन आहे. ७.७ लाख मुलांत ती सुमारे २३०० मुले होतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील अभ्यासात अशा मुलांपैकी एकूण ३५ टक्क्यांचे खुबे सरकलेले आढळले. चांगले चालणाऱ्यांत प्रमाण शून्य होते आणि अजिबात बसू न शकणाऱ्यांत ९० टक्के. या हिशेबाने दोन्ही शहरांत सुमारे ८०० मुलांचे खुबे सरकलेले किंवा सरकण्याच्या वाटेवर आहेत. प्रसाराच्या मापाने हा आकडा इतर सर्व दीर्घकालीन खुबाविकारांपेक्षा मोठा आहे.

हे सरकणे सुरुवातीला मुकाट असते. पुढे मांड्या कात्रीसारख्या आवळतात, स्वच्छता करणे अवघड होते, बसवले की मूल रडते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाचा ठरावीक काळाने एक्स-रे काढला जातो, आणि तिथे पूर्ण निखळणे जवळपास थांबले. त्यात महागडे तंत्रज्ञान नव्हते, नियमितपणा होता.

७. जाळ्यातून निसटणारी मुले

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाने शोधायच्या जन्मदोषांत खुब्याचा विकासदोष पहिल्यापासून आहे. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात. योजना चांगली आहे, पण तिची रचना सार्वजनिक संस्थांभोवती आहे. खासगी प्रसूतिगृहात जन्मलेले, पाळणाघरात वाढलेले आणि विनाअनुदानित शाळेत जाणारे मूल तिच्या वाटेत येतच नाही. डोंबिवली पूर्वेच्या सोसायटीत राहणारे मूल, जवळ डझनभर दवाखाने असूनही, खुब्याच्या तपासणीविना मोठे होऊ शकते. गरीब वस्तीतल्या मुलाची अडचण वेगळी आहे. त्याच्यासाठी रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयात जाणे म्हणजे आई-वडिलांचा एक दिवसाचा रोजगार बुडणे. लंगडणे दुखत नसेल, तर तो दिवस मोडला जात नाही.

लसीकरणाची भेट मात्र दोघांच्याही वाट्याला येते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळ सरकारी किंवा खासगी, कुठल्या ना कुठल्या डॉक्टर-नर्ससमोर येतेच. जन्मानंतरची पहिली तपासणी आणि या तीन भेटी मिळून खुबा पाहण्याच्या चार संधी होतात. वेगळा खर्च नाही, वेगळी रांग नाही.

८. निष्कर्ष

वरील हिशेबातून तीन गोष्टी सिद्ध होतात. एक, दुखून बरी होणारी मुले संख्येने सर्वाधिक आहेत, पण त्यांच्यामुळे धोकादायक आजार झाकले जातात. दोन, दरवर्षी सुमारे ९० बाळे आणि पर्थिस व स्लिपची मिळून काही डझन मुले अशा टप्प्यावर असतात की, लवकर निदान झाले तर साधा उपचार पुरतो आणि उशीर झाला तर जन्मभराचे अपंगत्व येते. तीन, सेरेब्रल पाल्सीची सुमारे ८०० मुले आज या शहरांत आहेत आणि त्यांना ठरावीक काळाने एका एक्स-रेची गरज आहे.

दोन्ही महापालिकांनी प्रत्येक प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर 'खुबा तपासला' असा रकाना सक्तीचा करावा आणि खासगी-सरकारी भेद न ठेवता एकच नोंदवही चालवावी. कुटुंब-डॉक्टरांनी लंगडणाऱ्या किंवा गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा हाताने तपासावा. आणि पालकांनी तीनच गोष्टी पाळाव्यात. बाळाचे पाय सरळ बांधू नका. लसीच्या वेळी डॉक्टरांना 'खुबा पाहिलात का?' असे न संकोचता विचारा. आणि मूल दिवसा लंगडत असेल, दुखत असो वा नसो, आठवड्याच्या आत त्याला दाखवा. ताप असेल आणि पाय टेकवत नसेल, तर त्याच रात्री.